निरभ्र आकाशांतील वीज

वीज म्हटली कीं मेघगर्जना आठवते. परंतु जेथें मेघच नाहीं तेथेंही वीज पडते, आणि १९९४ सालीं तिनें कॅनडांतील दूरदूरच्या वस्त्यांना कांहीं काळ मुकें करून टाकलें.

या कथेचा आरंभ १९५८ सालचा. जेम्स व्हॅन ॲलन यांनीं ‘एक्स्प्लोरर १’ या अमेरिकन उपग्रहांत ठेवलेल्या कणमापकावरून पृथ्वीभोंवतीं वेगवान् विद्युत्कणांचा पट्टा असल्याचें कळून आलें. पुढें असे दोन पट्टे ठरले. दळणवळणाचे कित्येक उपग्रह सुमारें ३५,८०० किलोमीटर उंचीवर ठेवतात, ते बाह्य पट्ट्यांतच.

सूर्याकडून वेगवान् प्रवाह आला म्हणजे या पट्ट्यांतील इलेक्ट्रॉन बळावतात. मंद इलेक्ट्रॉन उपग्रहाच्या पृष्ठभागावरच सांचतात. जलद मात्र ॲल्युमिनियमचा पत्रा भेदून आंत शिरतात व तारांच्या रोधक वेष्टनांत अडकून बसतात. तेथून विद्युद्भार फार सावकाश ओसरतो. आवक अधिक झाली कीं तो दिवसेंदिवस वाढतो, आणि अखेर ठिणगी उडते. जवळच्या यंत्रास ती खोटी आज्ञा वाटते, किंवा तें यंत्रच निकामी होतें.

जानेवारी १९९४ मध्यें इलेक्ट्रॉनांचें प्रमाण कित्येक दिवस चढलेलें होतें. २० तारखेस कॅनडाच्या टेलिसॅट कंपनीचा ‘अनिक ई-१’ डळमळला. त्यास स्थिर ठेवणाऱ्या चाकाचें नियंत्रण सुटलें. वृत्तपत्रांस बातम्या मिळेनात, उत्तरेकडील कित्येक वस्त्यांचे दूरध्वनि बंद पडले. कांहीं तासांनीं राखीव यंत्रणेनें तो सांवरला, तोंच ‘अनिक ई-२’ गेला. त्याची राखीव यंत्रणाही चालेना. तो कायमचा गेला असेंच अनेकांस वाटलें.

परंतु अभियंत्यांनीं धीर सोडला नाहीं. चाकाचें काम त्यांनीं भूमीवरून करावयाचें ठरविलें. उपग्रहाचा कल सतत पाहावयाचा, आणि त्याच्या लहान झोतयंत्रांना आज्ञा देऊन तो सरळ करावयाचा. कित्येक महिन्यांच्या परिश्रमांनंतर त्याच वर्षीं ‘ई-२’ पुन्हां सेवेस लागला.

अशा अनुभवांवरून उपग्रहांची कवचें जाड करणें, प्रत्येक धातुभाग मूळ सांगाड्यास जोडणें, सांचलेला भार ओसरूं देणारे पदार्थ निवडणें, हे नियम दृढ झाले. वादळ दिसलें म्हणजे मनुष्य सावध होतो. जें दिसत नाहीं, कणाकणानें सांचतें, त्याविषयीं सावध राहणें अधिक कठीण. ज्या गांवाचा जगाशीं संबंध एका उपग्रहावर टांगलेला असतो, त्याच्या दृष्टीनें ही सावधगिरीच खरी सुरक्षितता होय.