अर्धा सेकंद उशीर

३४ दिवस आधी. २४ फेब्रुवारी २०२४. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेडची ५.६.० आवृत्ती आली. टारबॉलमध्ये एक बदललेली एम-फोर फाइल होती. गिटमध्ये ती नव्हतीच. कॉन्फिगर चालवलं की ती चाचणीसाठी ठेवलेल्या ‘बिघडलेल्या’ फाइलमधून स्क्रिप्ट काढायची आणि मेकफाइलमध्ये घुसवायची. तेही ६४-बिट एक्स८६ लिनक्सवर डेबियन किंवा आरपीएम पॅकेज बांधलं जात असेल तरच. सहज हाताने बांधून पाहणाऱ्याला काही दिसूच नये!

३२ दिवस आधी. एक्सझेडच्याच सीमेक तपासणीत एका ओळीवर एकटं टिंब आलं. तपासणीचा तुकडा कंपाइल होईना, म्हणून बिल्डने लँडलॉक हे सुरक्षाकवच ‘नाही’ धरून गुपचूप वगळलं.

२० दिवस आधी. ५.६.१.

आदला दिवस. हीच आवृत्ती उबंटूत घ्या, अशी विनंती दाखल झाली. उबंटू २४.०४ महिन्याभरात यायची होती.

२९ मार्च, दुपारी ३. माझ्या पाली गावात गुड फ्रायडे. गाव चर्चमध्ये, बोटी किनाऱ्याला.

संध्याकाळी ६. घरी एक जुनं पॅकेज बांधायला घेतलं. कॉन्फिगर एका लायब्ररीला ‘नो’ म्हणत होतं, आणि लायब्ररी तर मशीनवर होती. कॉन्फिग डॉट लॉग तळापासून वर वाचत गेले: कॉन्फटेस्टला हेडर सापडत नव्हतं. त्या लायब्ररीचं डेव्ह पॅकेज टाकलं.

सव्वासात. ‘येस’. ‘नो’ आलं की मी कारण शोधतेच. ‘येस’ला मात्र कधीच काही विचारलं नव्हतं.

रात्री ९.२१. अँड्रेस फ्रॉइंड यांचा ईमेल जाहीर झाला. पोस्टग्रेसवर काम करणारे हे अभियंते डेबियनवर वेग मोजत होते. एसएसएच लॉगिनला ०.२९९ सेकंद लागायचे, तिथे ०.८०७ लागू लागले. एवढ्याशा उशिराकडे मी ढुंकूनही पाहिलं नसतं. ते मात्र त्या धाग्याने एक्सझेडच्या लिबएलझेडएमए लायब्ररीपर्यंत पोचले. डेबियनमध्ये तेव्हा एसएसएचला सिस्टमडीसाठी पॅच लावलेला असायचा, आणि त्याच वाटेने ही लायब्ररी एसएसएचडीत शिरायची. ठरावीक गुप्त किल्ली ज्याच्याकडे, त्याला सर्व्हरवर पासवर्डशिवाय हवी ती कमांड चालवता आली असती.

९.४०. माझ्या डेबियन टेस्टिंगवर एक्सझेडची आवृत्ती विचारली. ५.६.१.

हात गार पडले. वाय-फाय तोडलं. फोनवरून डाउनग्रेडची माहिती वाचली. मग संध्याकाळी बांधलेल्या पॅकेजचा टारबॉल पुन्हा उघडला आणि गिटमधल्या प्रतीशी एकेक फाइल ताडून पाहायला बसले.