घरचे विद्यापीठ की नावाचे विद्यापीठ?



ज्या दिवसांत आपल्याकडे ही व्याख्यानमाला भरते, त्याच दिवसांत अमेरिकेतील लक्षावधी घरांत एका प्रश्नाचा खल चाललेला असतो. शालेय शिक्षण संपवीत असलेल्या मुलामुलींना निरनिराळ्या विद्यापीठांची प्रवेशपत्रे आलेली असतात, आणि बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत होकार कळवावयाचा असतो. आमच्या परिचयाचे एक मराठी कुटुंब न्यू जर्सी राज्यात स्थायिक झाले आहे. त्या घरी अशी दोन पत्रे आली. एक नावाजलेल्या खासगी विद्यापीठाचे आणि दुसरे त्याच राज्यातील रटगर्स ह्या सरकारी विद्यापीठाचे. आई म्हणते, नाव जन्मभर पुरते. वडील म्हणतात, कर्जही जन्मभर पुरते. मुलगी मात्र गप्प आहे. त्या गृहस्थांनी आम्हांस लिहिले, "तुम्ही इतिहासाचे अभ्यासक. तुमचा इतिहास ह्यावर काही सांगतो का?"

पत्राचे उत्तर चार ओळींत देण्यासारखे नव्हते. म्हणून तेच आज आपणांपुढे मांडीत आहोत.

प्रथम पैशाचा आकडा पाहू. २०२३-२४ ह्या वर्षी चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठात त्याच राज्यातील रहिवाशाला वर्षाचे शिक्षणशुल्क सरासरीने सुमारे ११,००० डॉलर पडत होते. परराज्यातून आलेल्यास सुमारे २९,०००. आणि खासगी विद्यापीठात सुमारे ४१,५००. राहण्याजेवण्याचा खर्च वेगळाच. एकाच देशात एकाच पदवीचे हे तीन भाव का झाले, हा आपल्या आजच्या विषयाचा गाभा होय.

आपली समजूत अशी असते की, खासगी आणि सरकारी ह्या दोन जाती आरंभापासूनच वेगळ्या होत्या. इतिहास तसे सांगत नाही. आज खासगी विद्यापीठांचा मुकुटमणी समजले जाणारे हार्वर्ड १६३६ साली निघाले ते मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतसभेने मंजूर केलेल्या ४०० पौंडांवर. पुढे चार्ल्सटाउनच्या नावेचे उतारूंकडून मिळणारे उत्पन्नही त्याला लावून देण्यात आले. म्हणजे नदी ओलांडणाऱ्या सामान्य माणसाच्या पैशावर हे विद्यालय पोसले गेले. उलट, आमच्या मित्राच्या घरी ज्याचे पत्र आले ते रटगर्स १७६६ साली धर्मसंस्थेच्या आश्रयाने खासगी महाविद्यालय म्हणून निघाले आणि १९४५ ते १९५६ च्या दरम्यान ते पुरते राज्याचे विद्यापीठ झाले. जे सरकारी पैशावर वाढले ते खासगी ठरले, आणि जे खासगी जन्मले ते सरकारी झाले!

ह्या दोहोंमध्ये भिंत उभी राहिली ती एका खटल्यात. १८१६ साली न्यू हँपशायरच्या विधिमंडळाने डार्टमथ महाविद्यालयाची सनद बदलून ते आपल्या ताब्यात घेण्याचा कायदा केला. विश्वस्त न्यायालयात गेले. त्यांची बाजू त्याच महाविद्यालयाचा विद्यार्थी असलेल्या डॅनियल वेब्स्टरने मांडली, आणि १८१९ साली सरन्यायाधीश जॉन मार्शल ह्यांनी निकाल दिला की, सनद हा करार असून तो राज्याला एकतर्फी मोडता येणार नाही. ह्या निकालाने खासगी संस्थांना अभय मिळाले. राज्यांनाही एक गोष्ट कळून चुकली: आपणांस विद्यापीठ हवे असेल, तर दुसऱ्याचे घेऊन चालणार नाही, स्वतःचे काढले पाहिजे. त्याच १८१९ साली व्हर्जिनियात जेफर्सनचे विद्यापीठ सनदशीर स्थापन झाले. आपल्या थडग्यावर काय कोरावे हे जेफर्सनने स्वतः लिहून ठेवले होते. त्यात राष्ट्राध्यक्षपदाचा उल्लेख नाही. ह्या विद्यापीठाचा जनक असल्याचा मात्र आहे.

परंतु शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या मुलाला ह्यांपैकी कोठेच फारशी जागा नव्हती. ती करून देण्याचे श्रेय व्हरमाँटच्या जस्टिन मॉरिल ह्यांस जाते. हे लोहाराचे चिरंजीव. स्वतः महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते. त्यांचे विधेयक १८५९ साली राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन ह्यांनी नाकारले. तेच, यादवी युद्ध ऐन भरात असताना, २ जुलै १८६२ रोजी लिंकन ह्यांनी सहीनिशी मंजूर केले. प्रत्येक राज्याला काँग्रेसमधील प्रत्येक सभासदामागे ३०,००० एकर जमीन द्यावयाची आणि तिच्या विक्रीतून शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये काढावयाची, अशी ती योजना होती. अमेरिकेतील स्वस्त सरकारी शिक्षणाचा पाया हा.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. ही जमीन कोणाची होती? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधकार्याने दाखवून दिले की, सुमारे एक कोटी दहा लक्ष एकर जमीन जवळजवळ २५० मूलनिवासी जमातींकडून गेलेली होती, आणि तिचा मोबदला अनेकांना नाममात्र मिळाला, कित्येकांना तोही नाही. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना ह्या महाविद्यालयांचे दार बंदच होते. १८९० च्या दुसऱ्या कायद्याने त्यांच्यासाठी वेगळ्या संस्था काढणे राज्यांना भाग पडले, पण वेगळेपण कायम राहिले. स्वस्त शिक्षणाचीही किंमत कोणीतरी मोजलेलीच असते. मोजणारा वर्गात बसलेला नसतो, इतकेच.

मॉरिलच्या कायद्याचे एक फळ आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. न्यू यॉर्क राज्याच्या वाट्याला सुमारे ९ लक्ष ९० हजार एकर आले. बहुतेक राज्यांनी आपली जमीन घाईने कवडीमोलाने विकली. एझ्रा कॉर्नेल ह्या तारायंत्राच्या धंद्यात पैसा केलेल्या गृहस्थाने मात्र न्यू यॉर्कची बरीचशी जमीनपत्रे घेऊन विस्कॉन्सिनच्या पाइनच्या रानात जमिनी धरून ठेवल्या. भाव चढल्यावर विद्यापीठाला त्यातून कितीतरी पटींनी अधिक द्रव्य मिळाले. १८६५ साली स्थापन झालेले कॉर्नेल विद्यापीठ खासगी आहे. पण त्यातील शेती, पशुवैद्यक वगैरे काही महाविद्यालये राज्याच्या मदतीने चालतात आणि त्यांत न्यू यॉर्कच्या रहिवाशाला पदवीपूर्व शिक्षणासाठी कमी शुल्क पडते. एकच आवार, एकच ग्रंथालय, आणि भाव दोन!

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर शुल्क जवळजवळ नाहीच, अशा संस्था अमेरिकेत होत्या. न्यू यॉर्क शहराने १८४७ साली 'फ्री अकॅडमी' स्थापन केली. तीच पुढे सिटी कॉलेज झाली. १९२० नंतरच्या दशकात मोठमोठी खासगी विद्यापीठे ज्यू विद्यार्थ्यांची संख्या हेतुपुरस्सर कमी ठेवीत असताना, स्थलांतरितांची मुले भुयारी रेल्वेने ह्या फुकट महाविद्यालयात जात होती. पोलिओची लस शोधणारे जोनास साल्क १९३४ साली येथूनच पदवीधर झाले. ह्या लसीच्या यशाची घोषणा १९५५ साली झाली तेव्हा न्यू यॉर्कच्या करदात्याचे पैसे व्याजासह फिटले, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे शहराची तिजोरी रिकामी झाली, आणि १९७६ साली सुमारे सव्वाशे वर्षांची ही परंपरा मोडून तेथे शुल्क सुरू झाले.

पश्चिमेकडे कॅलिफोर्नियाचे विद्यापीठ १८६८ पासून रहिवाशांना शिक्षणशुल्काविना शिकवीत होते. आणि, ऐकून नवल वाटेल, शेजारचे खासगी स्टॅनफर्डही १८९१ साली उघडले तेव्हा शुल्क घेत नव्हते. ते १९२० साली सुरू झाले. १९६० साली क्लार्क कर ह्यांच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियाची प्रसिद्ध शिक्षणयोजना झाली. शाळा संपविणाऱ्यांपैकी वरचा अष्टमांश विद्यापीठात, वरचा तृतीयांश राज्य महाविद्यालयांत, आणि उरलेल्या सर्वांना स्थानिक दोन वर्षांच्या महाविद्यालयांत प्रवेश, अशी ती पायऱ्यांची रचना होती. खालच्या पायरीवरून वर जाण्याची वाटही ठेवलेली होती. अवघ्या दहा वर्षांत, १९७० साली, तेथेही शुल्क आले. त्याला शिक्षणशुल्क न म्हणता 'शैक्षणिक फी' म्हणण्यात आले. नाव बदलले तरी खिसा ओळखतोच.

आता ह्या कथेतील दुसरे वळण. १९४४ च्या जून महिन्यात परतणाऱ्या सैनिकांसाठी एक कायदा झाला. त्यान्वये सरकार सैनिकाला कोणत्याही मान्य संस्थेत शिकण्यासाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत शुल्क देणार होते. त्या वेळी हार्वर्डचे शुल्क ४०० डॉलर होते! म्हणजे निवड करताना पैशाचा प्रश्नच उरला नाही. सुमारे बावीस लक्ष माजी सैनिक महाविद्यालयांत दाखल झाले. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख हचिन्स ह्यांच्यासारख्या विद्वानांना धास्ती वाटत होती की, ह्यांनी विद्यापीठांचा दर्जा जाईल. झाले उलटेच, हे प्रौढ विद्यार्थी अभ्यासात सरस ठरले. कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र ह्या कायद्याचा पुरा लाभ मिळाला नाही.

ह्या कायद्याने एक तत्त्व रूढ केले: पैसा संस्थेला न देता विद्यार्थ्याला द्यावा. १९६५ चा उच्च शिक्षणाचा कायदा त्याच वाटेने गेला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांनी त्यावर सही केली ती टेक्ससमधल्या सॅन मार्कसच्या सरकारी महाविद्यालयात. ते स्वतः तेथेच शिकले होते. परंतु विद्यार्थ्याला द्यावयाचा पैसा हळूहळू अनुदानाऐवजी कर्जाच्या रूपाने येऊ लागला. राज्यांच्या तिजोरीला चणचण भासली की पहिली कात्री उच्च शिक्षणाला लागे, आणि तेवढा बोजा विद्यार्थ्याच्या शुल्कावर चढे. १९७६ पासून असे कर्ज दिवाळखोरीतही सहजी सुटेनासे झाले. १९९८ मध्ये बंधन आणखी आवळले. आज ह्या कर्जाची एकूण रक्कम दीड लाख कोटी डॉलरांहून अधिक आहे. सण एका दिवसाचा आणि ऋण पिढीचे, अशी ही स्थिती.

आता 'घरचे' म्हणजे कोणाचे? राज्याचा रहिवासी कोण, हा वादही न्यायालयात गेला. कनेटिकटच्या कायद्यान्वये परराज्यातून आलेला विद्यार्थी शिक्षण संपेपर्यंत परकाच धरला जाई. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला; विद्यार्थ्याला आपण येथलेच झालो हे सिद्ध करण्याची संधी दिली पाहिजे, असे सांगितले. वास्तव्याची वाजवी अट घालण्याचा राज्यांचा हक्क मात्र शाबूत राहिला.

ह्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. न्यू जर्सीच्या त्या मुलीला रटगर्स घरचे आहे. पुण्याहून किंवा नागपुराहून पदवीसाठी जाणाऱ्या मुलाला अमेरिकेतील प्रत्येक सरकारी विद्यापीठ सामान्यतः परराज्याचेच. सरकारी अनुदान आणि कर्जही त्याला मिळत नाही. 'सरकारी म्हणजे स्वस्त' हे आपल्याकडील समीकरण तेथे त्याच्यापुरते लागू नसते. आपल्यापैकी ज्यांची मुले जाणार आहेत त्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

आपल्यातले दोन विद्यार्थी शंभर वर्षांपूर्वी ह्या दोन्ही वाटांनी गेले. १९१३ साली भीमराव आंबेडकर बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया ह्या खासगी विद्यापीठात दाखल झाले. महिना साडेअकरा पौंडांची ती शिष्यवृत्ती. तिच्यापोटी परत येऊन संस्थानची नोकरी करण्याचा करार होता, आणि तो पाळावयास गेल्यावर बडोद्यात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही, हे आपण जाणताच. विदर्भातले पांडुरंग खानखोजे ह्यांनी त्याच सुमारास ओरेगॉन आणि वॉशिंग्टन ह्या राज्यांच्या सरकारी कृषिसंस्थांत शिक्षण घेतले. मॉरिलच्या कायद्याचेच ते फळ. पुढे मेक्सिकोत मक्याच्या सुधारणेत त्यांनी नाव मिळविले. एकाला मोठ्या विद्यापीठाने विचाराचे शस्त्र दिले, दुसऱ्याला साध्या संस्थेने बियाणे. कोणते थोर, हे कोणी ठरवावे?

आंबेडकरांचे कोलंबियातील गुरू जॉन ड्यूई ह्यांचे उदाहरणही येथे आठवते. त्यांची पहिली पदवी १८७९ ची, आपल्या गावच्याच व्हरमाँट विद्यापीठाची. काही वर्षांनी, आपणांस काय शिकावयाचे आहे हे नक्की कळल्यावर, नात्यातील एका स्त्रीकडून ५०० डॉलर उसने घेऊन ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये गेले. कर्ज त्यांनीही काढले. पण केव्हा आणि कशासाठी, ते जाणून.

मग नावाची किंमत किती? स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९७६ साली प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांचा माग घेऊन २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. नामांकित विद्यापीठाने घेतले असूनही कमी नामांकित ठिकाणी गेलेले विद्यार्थी पुढे सरासरीने जवळजवळ तितकेच मिळवीत होते. गुण विद्यार्थ्याचा होता. नावाने तो आपल्या खात्यावर जमा केला होता. तथापि गरीब घरच्या मुलांच्या बाबतीत हे लागू पडले नाही. ज्यांच्या घरी ओळखीपाळखीचे भांडवल नाही, त्यांना नामांकित संस्थेचा खरोखरच लाभ झाला. आणि नेमक्या त्यांच्यासाठीच श्रीमंत खासगी विद्यापीठांनी अलीकडे दार किलकिले केले आहे. प्रिन्स्टनने २००१ साली कर्जाऐवजी अनुदान देण्यास आरंभ केला. २००४ साली हार्वर्डने ४०,००० डॉलरांहून कमी उत्पन्नाच्या पालकांकडून काहीच न घेण्याचे ठरविले. तेव्हा छापील भाव एक आणि प्रत्यक्ष द्यावयाचा भाव दुसरा. अशा घराला कित्येकदा महागडे विद्यापीठच स्वस्त पडते. कात्रीत सापडतो तो मधला, पगारदार.

आमचे मित्र त्या मधल्यांतलेच. आम्ही त्यांना लिहिले: "इतिहास तुमच्या मुलीचे विद्यापीठ निवडून देणार नाही. परंतु तो एवढे सांगतो की, ज्याला आपण घरचे म्हणून हलके लेखतो ते रटगर्स अमेरिकेच्या स्वातंत्र्यापेक्षा दहा वर्षांनी वडील आहे. पिकते तेथे विकत नाही, ही म्हण तिकडेही खरी दिसते. दोन्ही पत्रांतील छापील भाव बाजूला ठेवा, अनुदान वजा करून उरणारी रक्कम चार वर्षांची मांडा, आणि तो कागद तुमच्या दोघांमध्ये न ठेवता मुलीपुढे ठेवा. कर्ज तिच्या नावावर चढणार आहे; बोलण्याचा पहिला हक्क तिचा."

मुलीने रटगर्स निवडले. कारण विचारले तेव्हा म्हणाली, "मला पुढे आणखी शिकायचे आहे, उसने घ्यायची पाळी तेव्हा येऊ दे." तिने ड्यूईचे चरित्र वाचले असण्याचा संभव नाही. दुसऱ्या एखाद्या घरी हाच हिशेब मांडून उत्तर उलट आले असते, आणि तेही बरोबरच ठरले असते.

जाता जाता आपल्यापुरते एकच. न्यू यॉर्कमध्ये किंवा कॅलिफोर्नियात, जोवर समाजाने शिक्षणाचा भार उचलला तोवर निवडीचा हा प्रश्न इतका जीवघेणा नव्हता. समाजाने खांदा काढून घेतला, तेव्हा तो भार अठरा वर्षांच्या मुलांच्या खांद्यावर आला. आपल्याकडेही खांदे बदलत आहेत. कोणाचा खांदा निघतो आहे आणि कोणाच्या खांद्यावर भार येतो आहे, एवढे आपण डोळे उघडे ठेवून पाहावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.