दोन कागद, बारा माणसं आणि ‘राज्याचं हित’

 

आजचा प्रश्न साधा आहे. सरकारी नोकराचा मालक नक्की कोण? त्याचा मंत्री, की ज्यांच्या करातून त्याचा पगार होतो ते लोक? १९८५ साली लंडनच्या एका कोर्टात हाच प्रश्न बारा सामान्य माणसांसमोर आला होता.

त्याआधी तीन वर्षं मागे जाऊ. एप्रिल १९८२ मध्ये अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधली फॉकलंड बेटं ताब्यात घेतली. ती परत मिळवायला ब्रिटनने नौदल पाठवलं आणि बेटांभोवती २०० सागरी मैलांचा एक पट्टा जाहीर केला. म्हणजे, आत याल तर हल्ला होईल. २ मे रोजी ब्रिटनच्या ‘कॉन्करर’ या अणुपाणबुडीने अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ ही युद्धनौका बुडवली. ३२३ माणसं गेली.

दोन दिवसांनी संरक्षणमंत्री जॉन नॉट यांनी संसदेत सांगितलं की ही नौका आमच्या ताफ्याच्या दिशेने येत होती. पण बेलग्रानो त्या पट्ट्याच्या बाहेर होती आणि हल्ल्याच्या आधी कित्येक तासांपासून तिचं तोंड उलट दिशेला, अर्जेंटिनाकडे होतं.

आता इथे घाई नको. नौकेचं तोंड कुठेही असलं तरी ती धोकादायक होती, वळून परत येऊ शकली असती, हा सरकारचा मुद्दा फालतू नव्हता. बेलग्रानोच्या कप्तानानेही पुढे हा हल्ला युद्धाचाच भाग मानला. म्हणजे प्रश्न नुसता बुडवणं बरोबर की चूक एवढाच नव्हता. प्रश्न हा होता की संसदेला खरं सांगितलं का? आणि चुकीचं सांगितलं गेलं, तर दोन वर्षांनंतरही ते दुरुस्त का केलं नाही?

टॅम डॅलिएल नावाचे मजूर पक्षाचे खासदार हेच विचारत राहिले. एकदा नाही, शंभरदा. हट्टी माणूस.

संरक्षण खात्यात क्लाइव्ह पॉन्टिंग नावाचा एक वरिष्ठ अधिकारी होता. बंडखोर वगैरे अजिबात नाही. खर्चकपातीच्या कामाबद्दल थॅचरबाईंच्या सरकारकडून कौतुक झालेला, सन्मान मिळालेला. १९८४ मध्ये त्याला सांगण्यात आलं की बेलग्रानोचा सगळा घटनाक्रम, तासातासाचा, मंत्र्यांसाठी तयार कर. त्याने केला. मग डॅलिएल यांना द्यायच्या उत्तराचा मसुदा केला, खरी माहिती घालून. तो मंत्र्यांनी पाठवला नाही. पुढे खात्यातच एक टिपण फिरलं. संसदीय समितीला काय काय सांगायचं नाही, याचा सल्ला त्यात होता.

जुलै १९८४ मध्ये पॉन्टिंगने दोन कागद पाकिटात घातले आणि नाव न लिहिता डॅलिएल यांना पोस्टाने पाठवले. वर्तमानपत्राला नाही, परदेशाला नाही. एका खासदाराला.

पुढचा प्रवास ऐका. डॅलिएल यांनी कागद परराष्ट्र व्यवहार समितीच्या अध्यक्षांकडे दिले. अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचे. त्यांनी ते थेट नवे संरक्षणमंत्री मायकेल हेसेल्टाइन यांच्याकडे पोचवले. म्हणजे तक्रार ज्यांच्याबद्दल, कागद त्यांच्याच टेबलावर! ऑगस्टमध्ये पॉन्टिंगवर गुन्हा दाखल झाला.

कायदा होता १९११ चा, सरकारी गुपितांचा. जर्मन हेरांच्या भीतीच्या वातावरणात ब्रिटिश खासदारांनी तो एका दुपारी झटपट मंजूर केला होता. त्याचं कलम २ एवढं रुंद की परवानगीशिवाय बाहेर सांगितलेली कुठलीही सरकारी माहिती गुन्हा ठरू शकायची. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. फक्त एक फट होती. ‘राज्याच्या हितासाठी’ ज्या व्यक्तीला सांगणं आपलं कर्तव्य आहे, तिला सांगितलं तर गुन्हा नाही.

सगळा खटला या दोन शब्दांवर फिरला: राज्याचं हित.

देशभर वाद पेटला. एक बाजू म्हणायची, हा माणूस निवडून आलेला नाही. पटत नव्हतं तर राजीनामा देऊन बोलायचं. उद्या प्रत्येक कारकून आपापल्या विवेकाप्रमाणे फायली वाटत सुटला तर कुठला मंत्री कुणावर विश्वास ठेवेल? दुसरी बाजू म्हणायची, मंत्री संसदेला उत्तरदायी आहेत या एका गोष्टीवर सगळी व्यवस्था उभी आहे. संसदेलाच अंधारात ठेवलं तर हिशोब मागायचा कुणी?

जानेवारी १९८५ च्या अखेरीस ओल्ड बेलीत खटला सुरू झाला. चॅनेल फोरला रोज रात्री कोर्टातले संवाद नटांकडून सादर करायचे होते. न्यायाधीशांनी मनाई केली. मग वृत्तनिवेदकांनी ते नुसते वाचून दाखवले. थोडक्यात, पॉडकास्टच!

न्यायाधीश मॅककॉवन यांनी ज्युरीला कायदा समजावला. राज्याचं हित म्हणजे त्या वेळच्या सरकारचं धोरण, असा त्याचा अर्थ. हे मानलं तर पॉन्टिंगकडे बचावच उरत नव्हता. कागद पाठवल्याचं त्याने कबूलच केलं होतं.

११ फेब्रुवारीला ज्युरीने सांगितलं: निर्दोष.

आपल्याकडे ज्युरी म्हटलं की नानावटी खटला आठवतो. १९५९ मध्ये मुंबईत ज्युरीने ८ विरुद्ध १ असं निर्दोष म्हटलं, पण न्यायाधीशांना पटलं नाही आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. इंग्लंडमध्ये तसं होत नाही. ज्युरीने सोडलं की सोडलं. कारणही सांगावं लागत नाही.

मग सरकार हरलं? नाही, थांबा. १९८९ मध्ये नवा कायदा आला. कलम २ ची व्याप्ती कमी झाली, आणि त्याबरोबर ती फटही बुजवली. सुरक्षा, संरक्षण वगैरे ठरलेल्या विषयांत ‘मी जनहितासाठी केलं’ हा बचाव ठेवलाच नाही. बारा माणसांनी दार ढकललं, सरकारने भिंत बांधली.

आता घरची गोष्ट. भारतात १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही चालू आहे. तो त्याच १९११ च्या ब्रिटिश कायद्याच्या साच्यातला. त्याच्या कलम ५ मध्ये ‘राज्याच्या हितासाठी’ कर्तव्य म्हणून माहिती देण्याचे ते शब्द अजून आहेत. ब्रिटनने काढून टाकले, आपल्याकडे राहिले. पण आपल्याकडे ज्युरी नाही. आणि जागल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये मंजूर होऊनही वर्षानुवर्षं लागूच केला गेला नाही.

हा भाग मी का केला, तेही सांगतो. पहिल्या नोकरीत, क्लायंटला जाणाऱ्या रिपोर्टमध्ये सिस्टिम बंद असल्याची वेळ कमी करून लिहिली गेली होती. खरे लॉग माझ्याकडे होते. मी गप्प बसलो. माणसं मेली नव्हती, जेलची भीती नव्हती. भीती होती ती फक्त अप्रेझलची. म्हणून पॉन्टिंगला हीरो म्हणताना जीभ जरा अडखळते. त्याने नाव लपवलं, राजीनामा निकालानंतर दिला, हे खरंय. पण पाकीट पोस्टात टाकलं, हेही खरंय.

२०२० मध्ये पॉन्टिंग गेला. त्याचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. सरकार बदलतं, राज्य राहतं. मग दोघांचं हित एकच कसं?

तुम्ही त्या बारा जणांत असता तर काय म्हणाला असता? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!