दिनविशेष : १३ मे १९७८ – मनोरुग्णालयांना टाळे

इटलीच्या संसदेने आजच्या दिवशी १८० क्रमांकाचा कायदा मंजूर केला आणि नवी मनोरुग्णालये उभारण्यास बंदी घातली. माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचा मृतदेह चारच दिवसांपूर्वी रोममध्ये सापडला होता. देश हादरलेला असताना, याच विषयावरचे सार्वमत टाळण्याच्या घाईत इतका मोठा बदल झाला, हे विशेष.

त्याची खरी प्रयोगशाळा ट्रिएस्टे शहरातले सान जोव्हानी मनोरुग्णालय. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अमलात १९०८ साली ते सुरू झाले. १९७१ मध्ये डॉ. फ्रँको बझालिया संचालक झाले तेव्हा तिथे सुमारे १,२०० रुग्ण होते, बरेचसे सक्तीने डांबलेले. बझालियांनी दारे उघडली, विजेचे झटके बंद केले. धुण्याची गाडी ओढणाऱ्या 'मार्को' घोड्याला म्हातारपणी खाटकाकडे पाठवू नका, अशी विनंती रुग्णांनी केली. तीही घोड्याच्याच नावाने पत्र लिहून! १९७३ मध्ये त्याच नावाचा, लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा प्रचंड निळा घोडा त्यांनी कलावंतांसोबत घडवला. तो फाटकातून मावेना. अखेर चौकट फोडून मिरवणूक शहरात गेली.

१९८० मध्ये सान जोव्हानी बंद झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बझालियाही गेले. आवारात आता विद्यापीठाचे विभाग आणि गुलाबांची मोठी बाग आहे. ट्रिएस्टेत मनोरुग्णालयाला पर्यायी उपचार केंद्रे चोवीस तास उघडी राहिली. इतर अनेक प्रांतांत ती वेळेवर उभीच राहिली नाहीत आणि भार घरच्यांवर पडला. देशातली शेवटची जुनी मनोरुग्णालये बंद व्हायला नव्वदचे दशक सरावे लागले.