तळटीप : ‘भावाभावांचे युद्ध’
मूळ मजकुरात अमेरिकेच्या यादवीला (१८६१-६५) ‘भावाभावांचे युद्ध’ म्हटले आहे. केंटकीच्या क्रिटेंडन घराण्यात ते अक्षरशः खरे ठरले : थोरला जॉर्ज दक्षिणेकडून, धाकटा थॉमस उत्तरेकडून लढला, दोघेही मेजर जनरल झाले. पण या शब्दांमुळे ते युद्ध घरातली भाऊबंदकी वाटू लागते आणि वादाचे मूळ, म्हणजे गुलामगिरी, नजरेआड होते. या भावांचे वडील, सिनेटर जॉन क्रिटेंडन यांनी डिसेंबर १८६० मध्ये मांडलेली तडजोडच पाहावी : ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या दक्षिणेस गुलामगिरीला राज्यघटनेचे कायम संरक्षण. फुटणारे संघराज्य सांधायचे होते, पण त्याची किंमत ज्यांनी मोजायची त्यांना कोणी विचारलेही नव्हते. कोणी म्हणेल, उत्तरेकडचे कित्येक केंटकीवासीही गुलामगिरी मोडायला नव्हे, संघराज्य राखायला लढले. हे मान्यच करायला हवे. मात्र सैनिकाचा हेतू वेगळा आणि युद्धाचे कारण वेगळे. जानेवारी १८६१ मध्ये फुटून निघताना मिसिसिपीने आपल्या जाहीरनाम्यात गुलामगिरीचेच कारण आरंभी दिले. १८६०च्या जनगणनेनुसार एकट्या केंटकीत सुमारे २,२५,००० माणसे गुलाम होती.