कचारगडची गुहा आणि मांगलीची कवटी

माघ पौर्णिमा जवळ आली की गोंदिया-डोंगरगड मार्गावरचं दरेकसा हे एरवी पेंगत असलेलं स्टेशन जागं होतं. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा चारी बाजूंनी गोंड समाजाची माणसं येतात आणि धनेगाववरून कचारगडची वाट धरतात. सालेकसा तालुक्यातली ही गुहा म्हणजे त्यांचं उगमस्थान.

कथा अनेक रूपांत सांगतात. एक रूप असं. काली कंकालीची तेहतीस मुलं शंभूने या गुहेत कोंडली आणि तोंडावर मोठी शिळा लावली. पारी कुपार लिंगोने त्यांना सोडवायचं मनावर घेतलं. हिरासुका पाटालीरने किंगरी वाजवली, ती ऐकून आतल्या मुलांच्या अंगात बळ आलं, त्यांनी शिळा ढकलली. मुलं सुटली, पण हिरासुका त्याच शिळेखाली सापडला. पुढे लिंगोने त्या मुलांना सगा आणि गोत्रं लावून दिली. कुणी कुणाशी सोयरीक करायची हे त्यावरून ठरतं, आजही.

मी मराठीचा बीए. शाळेत मराठी-इतिहास शिकवायला लागलो आणि शिक्षक कमी म्हणून विज्ञानही गळ्यात पडलं. उत्क्रांतीच्या धड्याला एकदा मागच्या बाकावरची मुलगी उठली. "सर, आमची आजी म्हणते का आमी कचारगडातून निंघालो. अन् पुस्तक म्हणते पाण्यातून. खरं काय समजाव?" वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. प्रश्न फार जुना आहे, आणि आपल्याच भागात एका माणसाच्या दप्तरात त्याच्या दोन्ही बाजू एकत्र नांदत होत्या, हे मला नंतरच्या वाचनात कळलं.

तो माणूस म्हणजे स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडचा पाद्री, १८४५ साली नागपूरला आला. आज नागपुरात ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, तेच हे हिस्लॉप. धर्मप्रसार हे त्यांचं काम, पण जीव दगडांत. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर नागपूरच्या आसपासचे खडक आणि जीवाश्म गोळा करत ते हिंडले. नागपूरच्या दक्षिणेला साधारण ६० मैलांवर मांगली म्हणून गाव आहे. तिथल्या खडकात त्यांना एक चपटी, रुंद कवटी मिळाली. ती लंडनला गेली. तिथे रिचर्ड ओवेन यांनी (डायनोसॉर हा शब्द १८४२ साली ज्यांनी घडवला तेच) १८५५ मध्ये तिचं वर्णन केलं आणि नाव दिलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. म्हणजे आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा. डार्विनचं पुस्तक यायला अजून चार वर्षं होती!

हा प्राणी सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा. बेडकासारखा उभयचर, पण बेडूक नव्हे. त्याच्या कुळातल्या प्राण्यांचे दात आडवे कापले तर आत चक्रव्यूहासारख्या घड्या दिसतात. तशाच घड्या जमिनीवर येऊ घातलेल्या जुन्या माशांच्या दातांतही आहेत. दातात जपून ठेवलेला हा वारसाच म्हणायचा.

त्या माशांपैकी सर्वात गाजलेला टिकटालिक. उत्तर कॅनडाच्या एल्समेर बेटावर २००४ मध्ये सापडला, वय सुमारे ३७.५ कोटी वर्षं. अंगावर खवले, पण मानेला हालचाल आणि परांच्या आत खांदा, कोपर, मनगट यांची हाडं. पाय जमिनीवर चालण्यासाठी म्हणून फुटले नाहीत. उथळ, गाळाच्या पाण्यात रेटा द्यायला ते आधी उपयोगी पडले. हे मुलांना पटवायला मला फार वेळ लागत असे, कारण आपल्याला वाटतं की प्राण्याने आधी ठरवलं आणि मग पाय आले.

पाय आले तरी सुटका झाली नव्हती. आमच्याकडे पावसाळ्यात कुठल्याही बोडीच्या काठावर बघा, बेडकाची अंडी पाण्यातच. कवच नाही, उन्हात वाळून जातील. म्हणून उभयचर पाण्यापासून फार लांब जाऊ शकले नाहीत. ही अडचण सोडवली ती एका वेगळ्या अंड्याने. पिल्लाभोवती पाण्याची पिशवी आणि बाहेर आवरण, म्हणजे तळं बरोबर घेऊनच निघायचं. माझ्या मते जमिनीवरच्या सगळ्या इतिहासात पायांपेक्षा या अंड्याचं महत्त्व मोठं आहे. आईच्या पोटातल्या बाळाभोवती असते ती पाण्याची पिशवी तीच.

मग फाटे फुटले. एका फाट्यावरून सरडे, साप, कासवं, मगरी, डायनोसॉर आणि पक्षी आले. दुसऱ्यावरून आपण सस्तन. आपल्या पूर्वजांच्या जबड्याची दोन हाडं लहान होत होत कानात सरकली. हिरासुकाची किंगरी ऐकायची तर ती हाडं लागतातच, असं मी वर्गात सांगत असे.

हे फाटे बघायला परदेशी जायला नको. सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी कोटा गाव आहे, त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुरासिक खडकांत मासे, महाकाय डायनोसॉर आणि अगदी चिमुकले सस्तन प्राणी, सगळे मिळाले. पलीकडच्या काठाला, आताच्या तेलंगणात सापडलेल्या डायनोसॉरचं नाव बारापासॉरस टागोराय. बारा पा म्हणजे मोठे पाय, आणि टागोर अशासाठी की खोदकाम रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६१ मध्ये चाललं होतं. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला तर डायनोसॉरच्या काळातली दगड झालेली विष्ठा मिळते. तिच्यात गवताचे अंश असल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे २०११ मध्ये भाताच्या कुळातल्या गवताचेही ओळखले गेले. धानाच्या जिल्ह्यातल्या माणसाला हे वाचून कसं वाटलं असेल, तुम्हीच बघा!

कचारगडात मात्र हाडं शोधू नका. या सालेकसा-डोंगरगड पट्ट्यातले खडक दोनशे कोटी वर्षांहून जुने. ते तयार झाले तेव्हा जगात कणा असलेला एकही जीव नव्हता.

असो. हिस्लॉपच्या दप्तराची दुसरी बाजू राहिली. त्यांनी प्रधान गायकाकडून लिंगोचं लांबलचक गीत उतरवून घेतलं होतं. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. कागद मागे राहिले आणि रिचर्ड टेंपल यांनी ते १८६६ मध्ये छापले. त्या गीतातही गोंड गुहेत कोंडलेले आहेत आणि लिंगो त्यांना सोडवतो. मांगलीची कवटी आणि लिंगोचं गीत, दोन्ही एकाच माणसाने जपली.

त्या मुलीला मी सांगितलं की आजीची गोष्ट तुम्ही एकमेकांचे कोण लागता ते सांगते, आणि पुस्तक तुझ्या मनगटाचं हाड कुठून आलं ते सांगतं. आजीला खोटं पाडायचं नाही, पण परीक्षेत आणि डोक्यात हाडांचा पुरावा पक्का ठेवायचा. राज्याच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात उत्क्रांती पहिल्याच धड्यात होती. २०२३ मध्ये एनसीईआरटीने मात्र आपल्या दहावीच्या पुस्तकातून ती गाळली. मला ते मुळीच पटलं नाही. ज्या मुलांच्या घरी उगमाची एक गोष्ट आधीच आहे, त्यांना दुसरी कळायलाच हवी.

तिने त्यावर आणखी एक विचारलं. त्या गीतात पुराच्या वेळी गोंडांना मगर आणि कासव नदीपार न्यायला येतात. मगर दगा देते, कासव वाचवतं, म्हणून कासवाला इजा करायची नाही असा शब्द दिला गेला. "मग सर, कासव अन् मगर नातेवाईक का?" तेव्हा मी नीट उत्तर दिलं नव्हतं, कारण तेव्हा शास्त्रज्ञांचंच ठरलं नव्हतं. आता जनुकांवरून दिसतं की कासवाचं नातं सरड्यापेक्षा मगरीशी जवळचं आहे, आणि मगरीचं सर्वात जवळचं जिवंत सोयरं म्हणजे पक्षी. ती मुलगी आता स्वतः आजी झाली असेल. हे तिच्या नातवंडांपर्यंत कुणी पोचवलं तर बरं होईल.