शर्यतीच्या घोड्यांचा निवृत्तीनंतरचा माग

शर्यतीतून बाद झालेला थरोब्रेड घोडा कुठे जातो, कोणाच्या हाती पडतो आणि अखेरीस कसा मरतो, याची नोंद ठेवण्याच्या व्यवस्थेला या नोंदीत ‘माग’ म्हटले आहे. थरोब्रेड ही इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत घडवलेली जात असून तिची वंशावळ १७९१ पासून छापील स्टड बुकात नोंदली जाते. हा घोडा वयाच्या दुसऱ्या वर्षी धावू लागतो. बहुतेकांची कारकीर्द चार-सहा वर्षांचे होईतो आटोपते, आणि नीट सांभाळ झाला तर तो पंचविशी गाठतो. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग असा शर्यतीनंतरचा असतो, आणि तोच कोणाच्या वहीत नसतो. धोका सगळ्यांना सारखा नाही. नामांकित वंशाची घोडी किंवा मोठी शर्यत जिंकलेला नर पैदाशीसाठी पागेत जातो. खच्ची केलेला, मधल्या दर्जाचा, पाय अधू झालेला घोडा मात्र खाण्यापिण्याचा खर्च तेवढा उरवतो. असे घोडे निर्दय माणसांच्या हाती पडतात म्हणून मरतात, असा सर्वसाधारण समज आहे. पुरावा पाहिला तर दोष निर्दयतेपेक्षा नोंदीतल्या खंडात अधिक दिसतो, आणि तो खंड अमेरिकेच्या उदाहरणात सर्वांत स्पष्ट आहे.

तिथे घोड्याची ओळख पटवण्याची साधने जुनीच आहेत. १९४७ पासून वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला क्रमांक गोंदला जाऊ लागला. पहिले अक्षर जन्मवर्षाचे आणि पुढे आकडे. घोडा म्हातारा झाला की ही शाई फिकटते, पसरते आणि ओठ उलटवून टॉर्च धरला तरी आकडा ३ की ८ हे ठरत नाही. २०१७ आणि त्यानंतर जन्मलेल्या शिंगरांसाठी तिथले स्टड बुक सांभाळणाऱ्या जॉकी क्लबने मायक्रोचिप सक्तीची केली. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप आयाळीखाली, मानेच्या डाव्या बाजूला टोचतात. वाचक यंत्र तिथून फिरवले की पडद्यावर १५ आकडी क्रमांक उमटतो. ही चिप घोड्याचा ठावठिकाणा सांगते असे अनेकांना वाटते, पण ती काहीच प्रक्षेपित करत नाही. कोणी यंत्र घेऊन जवळ गेले तरच ती बोलते, आणि बोलते तेही फक्त क्रमांक. त्या क्रमांकापुढे आजच्या मालकाचे नाव लिहिलेले नसेल तर मिळालेली माहिती शिंगरूपणाची असते. दरम्यान मालक किती वेळा बदललेला असतो, हे क्लेमिंग शर्यतींवरून कळते. अशा शर्यतीत उतरलेला प्रत्येक घोडा ठरलेल्या किमतीला विकाऊ असतो. गिऱ्हाईक शर्यतीआधी चिठ्ठी टाकते आणि शर्यत संपली की घोडा दुसऱ्याच तबेल्यात जातो. अमेरिकेतल्या शर्यतींचा मोठा वाटा असाच आहे. हा व्यवहार रेसकोर्सवर चालतो तोवर त्याची पै न् पै नोंदली जाते. त्यानंतरच्या विक्रीची नोंद जॉकी क्लबला कळवण्याचे बंधन मात्र कोणावर नाही. पेनसिल्व्हेनियातल्या न्यू हॉलंडसारख्या लिलावात शेतकरी, घोडेस्वारी शिकवणारे आणि कत्तलखान्यासाठी वजनावर घोडे घेणारे दलाल एकाच रिंगणाभोवती उभे असतात, आणि घोड्यासोबत कागद असतीलच असे नाही.

फर्डिनंडचे प्रकरण याच खंडातून घडले. १९८६ ची केंटकी डर्बी त्याने जिंकली तेव्हा जॉकी बिल शूमेकर ५४ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये त्याने ॲलिशेबा या घोड्याला नाकाच्या टोकाने हरवले आणि तो १९८७ चा ‘हॉर्स ऑफ द इयर’ ठरला. पैदाशीत त्याची संतती चमकली नाही, म्हणून १९९४ मध्ये तो जपानला विकला गेला. तिथेही मागणी ओसरली. २००३ मध्ये ‘ब्लड-हॉर्स’ मासिकाच्या वार्ताहर बार्बरा बायर यांनी त्याची चौकशी सुरू केली, तेव्हा शेवटच्या दलालाचे उत्तर दर खेपेला बदलत गेले. आधी घोडा मित्राला दिल्याचे कळले, मग त्याला खच्ची करून लांबच्या एका रायडिंग क्लबात ठेवल्याचे, आणि सरतेशेवटी २००२ मध्येच त्याची ‘विल्हेवाट’ लावल्याचे. त्याच्या बऱ्याच आधी, १९९७ मध्ये, एक्सेलर स्वीडनमधल्या कत्तलखान्यात संपला होता. १९७८ च्या जॉकी क्लब गोल्ड कपमध्ये सिॲटल स्लू आणि अफर्म्ड या दोन ट्रिपल क्राउन (एकाच वर्षी तीन मोठ्या शर्यती) विजेत्यांना एकाच शर्यतीत मागे टाकणारा तो घोडा. हे दोघे नावाजलेले होते म्हणून कोणीतरी विचारले. ज्याचे नाव त्याच्या ट्रेनरलाही आठवत नाही, त्याच्याबद्दल कोण विचारणार? शर्यतीच्या जगाने या दोन प्रकरणांवरून काही गोष्टी मनावर घेतल्या. परदेशी विकलेला नर पैदाशीतून निवृत्त झाल्यावर परत घ्यायचा, अशी कलमे करारांत येऊ लागली. सिल्व्हर चार्म २०१४ मध्ये आणि वॉर एम्ब्लेम २०१५ मध्ये जपानहून केंटकीतल्या ‘ओल्ड फ्रेंड्स’ या आश्रयस्थानी परतले. हे स्वागतार्हच आहे, पण परत आणलेले दोघेही डर्बीचे विजेते होते हे विसरून चालणार नाही.

उरलेल्यांसाठी जे झाले ते बहुतांशी ऐच्छिक आहे. ‘थरोब्रेड कनेक्ट’ या २०११ मधल्या योजनेत एखाद्या घोड्याला गरज पडली तर आपल्याला कळवा, असे कोणालाही नोंदवता येते. ‘थरोब्रेड आफ्टरकेअर अलायन्स’ २०१२ पासून आश्रयस्थानांची तपासणी करून त्यांना मान्यता देते. पण ही व्यवस्था दारापर्यंत पोचलेल्या घोड्यांची असते, न पोचलेल्यांची मोजदाद तिच्याकडून होऊ शकत नाही. २०२० च्या अमेरिकी कायद्याने उभे राहिलेले राष्ट्रीय प्राधिकरण पहिल्या नोंदवलेल्या सरावापासून घोड्याला आपल्या अखत्यारीत घेते, आणि तो निवृत्त झाल्याची लेखी सूचना मिळाली की ही अखत्यारी संपते. नेमक्या ज्या दिवशी घोडा धोक्यात येतो, त्या दिवशी त्याची फाइल बंद होते.

स्वेच्छेच्या नोंदीवर किती विसंबायचे, याचे उत्तर ऑस्ट्रेलियाने दिले आहे. न्यू साउथ वेल्सच्या रेसिंग मंडळाने २०१६ मध्येच आपल्या राज्यातले शर्यतीचे घोडे कत्तलखान्यात पाठवण्यास मनाई केली होती. शर्यतीतून निवृत्त होणाऱ्यांपैकी एक टक्क्याहून कमी घोडे कत्तलखान्यात जातात, असे देशाच्या रेसिंग संस्थेचे आकडे सांगत. हे आकडे मालकांनी स्वतः भरलेल्या अर्जांतून आलेले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये एबीसी वाहिनीने क्वीन्सलंडमधल्या एका कत्तलखान्यातले गुप्त चित्रण दाखवले. घोड्यांवरचे छाप नोंदींशी ताडून पाहिले तेव्हा २२ दिवसांत सुमारे ३०० शर्यतीचे घोडे त्या एका दारातून आत गेल्याचे निघाले. मनाई एका राज्यात होती आणि दार दुसऱ्या राज्यात. प्रस्तुत नोंदीचा मुद्दा या दोन आकड्यांच्या तफावतीत आहे. घोडा सोडणाऱ्याने काय लिहिले यापेक्षा तो घेणाऱ्याच्या फाटकावर काय वाचले गेले, हे महत्त्वाचे. लिलावाचे रिंगण, सरहद्दीवरचे तपासणी नाके आणि कत्तलखाना या तीन ठिकाणी ज्याचा व्यवहारात हितसंबंध नाही अशा माणसाने चिप वाचली, तर उरलेला रस्ता अंधारात असला तरी माग तुटत नाही.

यावर पहिला आक्षेप मालकीहक्काचा आहे. घोडा ही खाजगी मालमत्ता, तो दहाव्या मालकाच्या हातात असताना शर्यतीच्या मंडळाने त्याच्यामागे का जावे? पण थरोब्रेड ही जातच मंडळाच्या वहीने टिकवलेली आहे. कृत्रिम रेतनातून झालेले शिंगरू तिथे नोंदले जात नाही. अमेरिकेत २००१ पासून नोंदणीसाठी आईबापाचा डीएनए जुळावा लागतो. जन्माच्या बाजूला इतका कडक हात असलेल्या संस्थेने मृत्यूच्या बाजूला असमर्थता सांगणे पटत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तोही फार टिकत नाही. चिप आधीच मानेत आहे. १९८६ मध्ये उत्तर अमेरिकेत ५१ हजारांवर थरोब्रेड शिंगरे जन्मली, ती संख्या आता १८ हजारांच्याही खाली आली आहे. सांभाळायचा ढीग पूर्वीपेक्षा लहान आहे.

तिसरा आक्षेप खरोखर वजनदार आहे. उपाशी, लंगडत मरण्यापेक्षा जवळच्या, देखरेखीखालच्या कत्तलखान्यातले मरण बरे, असे काही पशुवैद्यही म्हणतात, आणि अमेरिकेचा अनुभव त्यांना पुष्टी देतो. २००७ मध्ये टेक्सास आणि इलिनॉयमधले घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने बंद झाले. त्याआधीच्या वर्षी देशात सर्व जातींचे मिळून लाखाच्या घरात घोडे कापले गेले होते. बंदीनंतर घोडे वाचले नाहीत, ते कॅनडा आणि मेक्सिकोकडे जाणाऱ्या ट्रकांत चढले. प्रवास लांबला, हाल वाढले, आणि अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानेही २०११ च्या अहवालात बंदीचे असे अनपेक्षित परिणाम मान्य केले. पण नीट पाहिले तर हा आक्षेप बंदीवर आहे, मागावर नाही. कत्तल कायदेशीर ठेवा किंवा बेकायदा करा, कोणता घोडा कुठल्या तबेल्यातून तिथे पोचला हे कळल्याशिवाय दोन्ही धोरणांचे मूल्यमापन अंदाजाने चालते.

‘नोंदीने घोडा वाचत नाही’ असा शेवटचा टोला मारला जातो, त्याला रेसकोर्सवरचाच दाखला पुरतो. अमेरिकेत शर्यतीत जायबंदी होऊन मरणाऱ्या घोड्यांची देशव्यापी मोजणी २००९ पासून होते. त्या वर्षी दर हजार धावांमागे २ घोडे दगावत होते, २०२३ मध्ये हे प्रमाण १.३२ होते. केवळ मोजल्याने ते उतरले असे नव्हे. धावपट्टीची माती, शर्यतीपूर्वीची तपासणी, औषधांचे नियम हे सगळे त्यामागे आहे. पण कोणत्या पट्टीवर, कोणत्या वयाचे घोडे अधिक मरतात हे माहीत नसते तर तपासणी कुठे कडक करायची हेही ठरले नसते. नोंदीतून घोडा वाचवण्यासाठी ब्रिटनने वेगळे दार निवडले. शर्यतीच्या घोड्यांना दिले जाणारे फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक माणसाच्या खाण्यात जाऊ नये, म्हणून प्रत्येक घोड्याच्या पासपोर्टात तो भक्ष्य आहे की नाही हे लिहिण्याची सोय आहे. जानेवारी २०२२ पासून ब्रिटनमध्ये धावणाऱ्या घोड्यावर ‘मानवी खाद्यासाठी नाही’ असा शिक्का आधीच बसलेला असावा लागतो. अन्नसुरक्षेच्या नियमाने घोड्याच्या कल्याणाचे काम असे आडवाटेने साधले.

भारतात प्रश्नाचे रूप निराळे आहे. महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवरून उतरलेल्या घोड्याला मांसाच्या बाजाराची भीती फारशी नाही, पण कुठे गेला याचे उत्तर इथेही सहज मिळत नाही. इथल्या एका वाटेने मात्र इतिहास घडवला. सर्पविष आणि धनुर्वात यांवरील प्रतिद्रव्ये घोड्याच्या रक्तातून काढली जातात. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे त्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. आपलेच घोडे वापरून हा माल आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सिरम इन्स्टिट्यूटची स्थापना केली. जगभर लस पुरवणाऱ्या या कंपनीच्या मुळाशी शर्यतीतून उतरलेले घोडे आहेत. त्यांतला एखादा घोडा पागेत किती वर्षे उभा होता आणि त्याच्या मानेतून किती वेळा रक्त काढले गेले, हे स्टड बुकच्या पानावर लिहायला रकाना नाही.